नदीच्या तळाशी राहिलेले विष

वाहते पाणी आपोआप निर्मळ होते, असा आपल्याकडे पूर्वापार समज आहे. आणि तो सर्वस्वी खोटा नाही. नदीत पालापाचोळा पडला, गुरे धुतली गेली, लहानशा गावाचे सांडपाणी मिसळले, तर पाण्यातील सूक्ष्म जंतू त्या घाणीवर आपली उपजीविका करतात, हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळून त्यांच्या मदतीस येतो, आणि काही कोसांच्या प्रवासात घाणीचे साध्या, निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर होते. ही नदीची पचनशक्तीच म्हणावयाची. घाण फार झाली तर नदीलाही अजीर्ण होते. पाणी काळे पडते, मासे मरतात. तरी पथ्य पाळले की प्रकृती पुष्कळ अंशी सुधारते.

परंतु या पचनशक्तीला जशी प्रमाणाची मर्यादा आहे, तशीच पदार्थाचीही आहे. पारा, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये होत. जंतूंनी कितीही खटपट केली तरी मूलद्रव्य मोडत नाही. गेल्या शतकात रसायनशाळांतून बाहेर पडलेली काही कृत्रिम संयुगेही इतकी चिवट आहेत की, जंतू त्यांना हात लावीत नाहीत, किंवा लावलाच तर त्यांचे काम अत्यंत मंद गतीने चालते. अशी द्रव्ये नदीत पडली म्हणजे ती जातात कोठे? बहुतेक जण उत्तर देतील की, वाहून समुद्राला जातात. काही भाग जातोही. पण फार मोठा भाग जात नाही. तो वाटेतच, नदीच्या तळाशी, गाळात बसून राहतो. त्या राहिलेल्या भागाची ही हकीकत आहे.

तो बसतो कसा, हे समजण्यासाठी पावसाळ्यातील गढूळ पाणी काचेच्या पेल्यात भरून ठेवावे. रेती तत्काळ खाली जाते. चिकणमाती मात्र तासन् तास तरंगत राहते, कारण तिचे कण अतिशय बारीक असतात. या बारीकपणातच सारे मर्म आहे. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण ताडून पाहावे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. लहानशा खोलीची जमीन झाकावी एवढा. चिमूटभर चिकणमातीजवळ चिकटण्यास एवढी जागा असते. धातूंचे भारित कण तिला चिकटतात, आणि पाण्याशी ज्यांचे जमत नाही अशी तेलकट विषे गाळातील कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशात शिरून बसतात. पाण्याचा वेग जेथे मंदावतो, म्हणजे धरणाच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूस, डोहात, तेथे हे कण विषासह खाली उतरतात. म्हणून नदीचे पाणी तपासून ते स्वच्छ निघाले, तरी नदी स्वच्छ आहे असे सिद्ध होत नाही.

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेतील हडसन नदी घेतो, ती अशासाठी की, तिच्या तळाचा जितका बारकाईने अभ्यास झाला आहे तितका जगातील थोड्याच नद्यांचा झाला असेल. ॲडिरॉन्डॅक पर्वतात उगम पावून सुमारे ५०० किलोमीटर वाहत ही नदी न्यूयॉर्क शहरापाशी समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगास हडसन फॉल्स व फोर्ट एडवर्ड या दोन लहान गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे विजेचे कपॅसिटर तयार करण्याचे कारखाने होते. या कपॅसिटरांत त्या काळी पीसीबी नावाने ओळखले जाणारे द्रव भरीत. पूर्ण नाव पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. हे एकच द्रव्य नव्हे. क्लोरीनचे अणू कमीअधिक संख्येने आणि निरनिराळ्या जागी जोडले गेल्याने होणाऱ्या २०९ संयुगांचे ते एक कुटुंबच आहे. सहजासहजी पेट घेत नाही, आम्लाने मोडत नाही, विजेला वाट देत नाही, वर्षानुवर्षे बिघडत नाही: कारखानदाराच्या दृष्टीने हे द्रव सर्वगुणसंपन्न होते. नदीत गेल्यावर नेमके हेच गुण अवगुण ठरले. १९४७ च्या सुमारापासून १९७७ पर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, या कारखान्यांतून पीसीबी हडसनमध्ये जात राहिले.

हे द्रव्य कारखान्यांबाहेर सृष्टीत पसरले आहे, याचा शोध लागला तो मात्र अमेरिकेत नव्हे, स्वीडनमध्ये. आणि तोही दुसरेच काही शोधीत असता. सोरेन येन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ प्राण्यांच्या शरीरात डीडीटी किती आहे हे मोजीत होते. त्यांच्या आलेखावर डीडीटीखेरीज काही अनोळखी शिखरे पुनःपुन्हा दिसू लागली. दुसऱ्या एखाद्या माणसाने उपकरणाचा दोष म्हणून ती सोडून दिली असती. येन्सेन यांनी संग्रहालयात जपून ठेवलेली गरुडाची जुनी पिसे तपासली. १९४४ सालच्या पिसातही तेच द्रव्य निघाले, तेव्हा हे युद्धानंतर प्रचारात आलेले कीटकनाशक नव्हे, एवढे निश्चित झाले. १९६६ साली त्यांनी ते पीसीबी असल्याचे जाहीर केले. स्वतःच्या पत्नीच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही त्यांना ते आढळले होते. आलेखावरील नको असलेल्या शिखराकडे लक्ष देणारा माणूस विज्ञानात किती मोलाचा असतो, हे आमच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावे म्हणून ही गोष्ट जरा विस्ताराने सांगितली. असो.

हडसनवर फोर्ट एडवर्ड येथे एक जुने धरण होते. कारखान्यांतून आलेले विष बव्हंशी त्याच्यामागच्या गाळात साठत राहिले होते. धरण जीर्ण झाले, म्हणून १९७३ साली ते काढून टाकण्यात आले. धरण काढणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मागे काय साठले आहे याचा विचार मात्र कोणी पुरेसा केला नाही. बांध जाताच तो गाळ मोकळा झाला आणि पुढच्या पुरांनी तो खाली लोटीत नेला. १९७६ साली वरच्या हडसनमधील मासेमारी सरकारला बंद करावी लागली, आणि खालच्या भागात पट्टेरी बास या माशाचा व्यापारही थांबवावा लागला. पिढ्यान् पिढ्या नदीवर पोट भरणारी कोळी कुटुंबे त्या एका हुकमाने निरुद्योगी झाली.

आता कोणी विचारील की, विष तळाच्या चिखलात आहे तर ते तेथेच पडून राहीना. माशाला त्याची बाधा कशी व्हावी? याचे उत्तर असे की, तळाचा चिखल निर्जीव नाही. त्यात गांडुळाच्या गोत्रातील कृमी, शिंपले, चिलटांच्या आणि इतर कीटकांच्या अळ्या अशी अगणित लहान वस्ती असते, आणि ती चिखल खाऊनच जगते. कृमीने चिखल खाल्ला की त्याला चिकटलेले तेलकट विष कृमीच्या चरबीत उतरते. कृमीला लहान मासा खातो, लहानाला मोठा, मोठ्याला बगळा किंवा माणूस. अन्न पचून जाते. विष पचत नाही, ते चरबीत साठते. मोठा मासा आयुष्यात हजारो लहान मासे खातो आणि त्या सर्वांचे विष त्याच्या एकट्याच्या अंगात गोळा होते. अशा रीतीने भोवतालच्या पाण्यात असावे त्याच्या लाखपटीहून अधिक पीसीबी माशाच्या शरीरात आढळू शकते. पाणी शुद्ध दिसावे आणि मासा विषारी असावा, यातील विसंगती ही अशी उलगडते.

विष पाण्याबाहेरही पडते. चिखलात वाढलेल्या अळ्यांना पंख फुटतात, त्या उडतात, आणि नदीकाठच्या भिंगऱ्या त्यांच्यावर तुटून पडतात. हडसनकाठच्या एका जातीच्या भिंगऱ्यांचा अभ्यास १९९० नंतरच्या दशकात झाला, तेव्हा त्यांच्या अंगात पीसीबीचे मोठे प्रमाण आढळले, आणि त्यांची घरटीही नेहमीसारखी नीट बांधलेली नव्हती. मिंक नावाचा पाणमांजराच्या गोत्रातील केसाळ प्राणी तर या विषाला फारच हळवा आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या परिसरात कातडीसाठी मिंक पाळणाऱ्यांना आढळले की, सरोवरातील मासे खाऊ घातलेल्या माद्यांना पिले होईनाशी झाली, किंवा झालेली जगेनात. पुढील संशोधनात त्याचे कारण पीसीबी असल्याचे दिसून आले. प्राणी धडधाकट दिसतो आणि त्याचा वंश मात्र खुंटतो. मेलेले मासे पाण्यावर तरंगताना सर्वांना दिसतात. जन्मालाच न आलेली पिले कोणाला दिसावी?

आणि हडसनमधला टॉमकॉड? हा तळाशी राहणारा लहानसा मासा एवढ्या विषातही तग धरून राहिला. आयझॅक विर्गिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचे कारण प्रसिद्ध केले. विष ज्या प्रथिनाला जोडले जाऊन शरीरात अनर्थ घडविते, त्या प्रथिनाच्या आनुवंशिक आज्ञेतील सहा अक्षरे हडसनमधील जवळजवळ सर्व टॉमकॉडांत गळालेली आहेत. त्यामुळे विष त्या प्रथिनाला नीटसे पकडू शकत नाही. ज्या माशांत हा फरक मुळातच होता ते जगले, बाकीचे मेले. काही दशकांतच सारी जात पालटली. ऐकताना हा जीवनाचा विजय वाटतो. पण जगलेला टॉमकॉड आपल्या अंगात विष बाळगून असतो, आणि त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाजवळ असली ढाल नसते. टॉमकॉड बचावला, आणि विष वर चढण्याची शिडीही शाबूत राहिली.

तळाच्या गाळात किती विष आहे, हे कसे कळते? पोकळ नळी चिखलात खोल उभी रोवून अखंड गाभा बाहेर काढतात. गाळ थरावर थर साचत असल्यामुळे वरचा थर अलीकडचा आणि खालचा जुना. थरांची वर्षे ठरविण्यासाठी एक विलक्षण खूण उपयोगी पडते. अणुबाँबच्या चाचण्यांतून आकाशात उडालेले किरणोत्सर्गी सिझियम साऱ्या पृथ्वीवर पडले, आणि १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत अधिक होते. गाळाच्या ज्या थरात सिझियमचे शिखर लागते, तो थर त्या वर्षांचा. व्यापाऱ्याच्या रोजमेळासारखा हा गाभा वाचता येतो: कोणत्या वर्षी किती जमा झाले, सारे लिहिलेले असते. तथापि केवळ बेरीज पुरत नाही. गाळात असलेले सारेच विष जीवांना सुटून मिळत नाही. म्हणून तो चिखल प्रयोगशाळेत बरण्यांतून ठेवून त्यात अळ्या व कृमी सोडतात, आणि काही दिवसांनी किती जगल्या, किती वाढल्या, हे मोजतात. रसायनाचा तराजू आणि जीवाची साक्ष, दोन्ही जुळली म्हणजे धोक्याचा खरा अंदाज येतो.

हडसनच्या गाळाचे करावयाचे काय, यावर पंचवीस वर्षे वाद चालला. १९८४ साली नदीचा सुमारे ३२० किलोमीटरचा भाग विषारी स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेला. पण गाळाला त्या वेळी हात लावला नाही. कंपनीचे म्हणणे असे की, नवा स्वच्छ गाळ वर बसून जुने विष आपोआप गाडले जाईल. उपसा केला तर निजलेले विष जागे होईल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शांत सरोवरात तो खराही ठरू शकेल. परंतु नदी म्हणजे सरोवर नव्हे. पूर येतो, हिम वितळते, नावा ये-जा करतात, आणि १९७३ साली झाले तसे माणूसही मध्ये हात घालतो. गाडलेले गाडलेलेच राहील याची हमी कोण देणार? अखेर २००२ साली उपशाचा निर्णय झाला, आणि २००९ ते २०१५ या काळात फोर्ट एडवर्डपासून ट्रॉयपर्यंतच्या सुमारे ६४ किलोमीटरांतून सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढण्यात आला. हे काम कंपनीच्याच खर्चाने झाले. उपसा चालू असता माशांच्या अंगातील विष काही काळ वाढले, हेही नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२५ मधील सरकारी अहवालात म्हटले आहे की, ते अपेक्षेप्रमाणे उतरत आहे किंवा नाही हे ठरविण्यास आणखी काही वर्षांची मोजणी हवी. वरच्या भागात गळ टाकण्यास १९९५ पासून मोकळीक आहे. पण लागलेला मासा आजही परत पाण्यात सोडावा लागतो.

उपसलेला गाळ कोठे गेला, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. पहिल्या टप्प्यातील गाळ आगगाडीने दूरच्या टेक्सास राज्यात नेऊन पुरण्यात आला, आणि तेथील रहिवाशांना साहजिकच प्रश्न पडला की, दुसऱ्याचे विष आमच्या दारी का? आम्हां इंदूरकरांना हा प्रश्न परका नाही. १९८४ च्या भीषण वायुगळतीनंतर भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना बंद पडला, आणि त्याच्या आवारात गोळा करून ठेवलेले ३३७ टन विषारी द्रव्य, कीटकनाशकांचे अवशेष आणि दूषित माती, जानेवारी २०२५ मध्ये बारा वाहनांतून आपल्या शेजारच्या पीथमपूरला आले. लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर ते जाळण्यात आले. मागे राख उरली. ती कोठे पुरावी हा पुढचा प्रश्न. भोपाळच्या जमिनीत मुरलेला अंश तर या ३३७ टनांत धरलेलाच नव्हता. मातीत मिसळलेले विष हलविता येते, नाहीसे करणे फार कठीण, हेच येथेही दिसून येते.

येथवर आम्ही मुख्यतः तळाविषयी बोललो. परंतु नदी आपला गाळ तळाशीच ठेवीत नाही. पुराच्या वेळी ती तो काठच्या शेतांवर पसरते, आणि शेतकरी त्याला मळई म्हणून प्रसाद मानतो. पाटाच्या पाण्यातूनही तो शेतात शिरतो. गाळातले विष शेतजमिनीत गेल्यावर काय होते, हे जपानमधील जिंझू नदीने दाखविले.

ही नदी डोंगरातून निघून तोयामाच्या सपाट प्रदेशातील भातखाचरांना पाणी देत समुद्राला जाते. वरच्या बाजूस कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू थोडासा मिसळलेला असतो. खाणीचा कचरा नदीत, नदीचे पाणी पाटात, पाटाचे खाचरात, असे करीत कॅडमियम दशकानुदशके मातीत साठत गेले. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर मातीत हवा शिरत नाही, आणि गंधकाशी जखडलेले कॅडमियम बरेचसे निपचित पडून असते. पण कणसे भरू लागली की कापणीसाठी शेतकरी पाणी काढून टाकतो. माती सुकते, हवा शिरते, तो बंध सुटतो, आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळी मोकळे झालेले कॅडमियम मुळांना मिळते. शेतकऱ्याचे काही चुकले नव्हते. त्याने पूर्वजांच्या रीतीनेच भात पिकविले. आता जपानात कणसे येण्यापूर्वी व नंतर काही आठवडे पाणी तुंबवून ठेवण्याचा सल्ला देतात. गंमत अशी की, जमिनीत आर्सेनिक म्हणजे सोमल असेल तर नेमके उलट घडते. पाणी तुंबले की तो मोकळा होतो. एका विषाचे औषध दुसऱ्याला खतपाणी घालते.

असे तांदूळ दिसण्यात, चवीत वेगळे नसतात. ते वर्षानुवर्षे खाणाऱ्या, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, हाडे मऊ पडली, नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी अशी अवस्था झाली. त्यांच्या कण्हण्यावरून रोगाला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', हे नाव पडले. नोबोरु हागिनो या स्थानिक डॉक्टरांनी त्याचा संबंध खाणीतील कॅडमियमशी जोडला, तेव्हा पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. १९६८ साली जपान सरकारने ते मान्य केले, आणि रोगी व त्यांचे कुटुंबीय न्यायालयात गेले. १९७१ साली व पुन्हा अपिलात १९७२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पैसे मिळाले, तरी माती होती तशीच होती. १९७९ पासून २०१२ पर्यंत, तेहेतीस वर्षे, सुमारे ८६० हेक्टर शेतजमिनीत विषारी माती खाली गाडून वर स्वच्छ माती घालण्याचे काम चालले. पण आमच्या मते त्या निकालाने मिळविलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे. १९७२ साली झालेल्या करारान्वये गावकऱ्यांना, हवे ते तज्ज्ञ बरोबर घेऊन, कंपनीच्या खर्चाने, खाणीत केव्हाही शिरून पाहणी करण्याचा हक्क मिळाला. तेव्हापासून ते शेतकरी दरवर्षी डोंगर चढून खाणीवर जात आले आहेत. कचऱ्याचे बांध पाहतात, नळ्यांच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घेतात, उणीव दिसली की लिहून देतात. जिंझूच्या पाण्यातील कॅडमियम आता डोंगरातल्या स्वाभाविक झऱ्याइतके खाली आले आहे. २०१३ साली कंपनी आणि गावकरी यांच्यात अखेरचा समेट झाला. पाहणी मात्र गावकऱ्यांनी त्यानंतरही सोडली नाही.